खऱ्या गोष्टींची खोटी साक्ष

१६८७ सालच्या एप्रिल महिन्यातील एक गारठलेला दिवस. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील सेब्रुक बंदराजवळ एका होडीतून काही माणसे जहाजाकडे चालली आहेत. त्यांच्यातील एका हडकुळ्या मुलीच्या हातची बाहुली पाण्यात पडते. मुलगी रडू लागते. तिची आई तिला जवळ घेण्याऐवजी चापट मारते. बाकीचे नुसते पाहत राहतात. तेवढ्यात सोळा वर्षांची एक परकी तरुणी थंडगार पाण्यात उडी घेते आणि पोहत जाऊन ती बाहुली आणून देते. या कृतीचे कौतुक व्हावे, ही आपली अपेक्षा. प्रत्यक्षात होडीतील माणसे तिच्यापासून अंग चोरून बसतात. कुलीन स्त्री पोहत नसते आणि पाण्यात न बुडणारी बाई चेटकीण असते, असे ती माणसे पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आली आहेत.

एलिझाबेथ जॉर्ज स्पिअर या अमेरिकन लेखिकेच्या ‘द विच ऑफ ब्लॅकबर्ड पाँड’ या किशोर-कादंबरीची ही सुरुवात. पुस्तक १९५८ साली प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी त्याला अमेरिकेतील बालसाहित्याचा मानाचा न्यूबेरी पुरस्कार लाभला. याच लेखिकेने पुढे प्रभू येशूच्या काळातील गालिलात घडणारी ‘द ब्राँझ बो’ ही कादंबरी लिहिली. तिलाही १९६२ साली तोच पुरस्कार मिळाला. पण धर्मनिष्ठ माणसांच्या मनाचा ठाव तिने ‘ब्लॅकबर्ड पाँड’मध्येच अधिक खोलवर घेतला आहे, असे मला वाटते. गालिलातील गोष्टीत प्रत्यक्ष प्रभू उपस्थित आहेत. इथे केवळ त्यांच्या नावाने वावरणारी माणसे आहेत.

कथेची नायिका किट टायलर बार्बाडोस बेटावर श्रीमंत आजोबांच्या लाडात वाढलेली. आजोबा वारले, मालमत्ता कर्जात बुडाली, म्हणून ती कनेक्टिकटमधील वेदर्सफील्ड या शेतकरी गावात आपल्या मावशीकडे न कळवता येऊन थडकते. मावशीचा नवरा मॅथ्यू वुड हा करारी वृत्तीचा प्युरिटन. घरात कष्ट फार आणि बोलणे कमी. किटच्या मात्र मनात येईल ते ओठावर. इंग्लंडच्या राजाविषयी असो वा कंटाळवाण्या प्रवचनाविषयी, तिला आपले मत गिळता येत नाही. तिच्या रेशमी पोशाखांपेक्षाही तिची ही जीभ गावाला अधिक खटकत असावी.

इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. वेदर्सफील्डला येण्याच्या भाड्यासाठी किटने आपली दासी असलेली एक आफ्रिकन मुलगी विकलेली असते. जहाजावरचा नॅट ईटन हा तरुण तिला गुलामांच्या व्यापारावरून दोन शब्द सुनावतोही. पण विकल्या गेलेल्या त्या मुलीचे पुढे काय झाले, हे विचारायला कादंबरी थांबत नाही. अन्यायाच्या कथेतच हा दुसरा अन्याय कोपऱ्यात पडून राहिला आहे. चांगल्या पुस्तकांनाही आपापल्या आंधळ्या जागा असतात.

गावाबाहेरच्या कुरणात तळ्याकाठी हॅना टपर नावाची एक विधवा म्हातारी एकटी राहते. ती क्वेकर पंथाची. मॅसॅच्युसेट्समधून तिला आणि तिच्या नवऱ्याला डाग देऊन हाकलून दिलेले. ही काही केवळ लेखिकेची कल्पना नव्हे; त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये १६६० साली मेरी डायर या क्वेकर स्त्रीला तिच्या श्रद्धेपायी फाशी देण्यात आले होते. गाव हॅनाला चेटकीण म्हणते. शाळेतल्या मुलांकडून दयाळू शोमरोनीच्या दाखल्याचे नाटुकले करून घेतल्याबद्दल किटला शिक्षिकेच्या कामावरून काढले जाते, तेव्हा ती रडत रडत त्या कुरणात जाऊन पडते आणि ही म्हातारीच तिला घरात नेऊन खाऊ घालते. दाखला शिकवल्याचा दंड झाला आणि दाखला प्रत्यक्ष भेटला! लेखिका या योगायोगाकडे बोट दाखवीत नाही, हा तिचा संयम.

बाहुलीवाली ती हडकुळी मुलगी म्हणजे प्रुडन्स क्रफ. आईच्या मते ती मंदबुद्धी, म्हणून तिला शाळेत धाडलेले नाही. किट तिला हॅनाच्या झोपडीत लपूनछपून वाचायला शिकवते. शिंगाच्या पातळ पापुद्र्याखाली अक्षरे बसवलेली मुळाक्षरांची फळी आणि नाव गिरवण्यासाठी एक कित्ता, एवढेच तिचे साहित्य. मॅथ्यूने हॅनाकडे जाण्यास मनाई केलेली असते. किट ती जुमानत नाही.

शरद ऋतूत गावात तापाची साथ येते. मुले दगावतात. दुःखाने आणि भयाने वेडावलेला जमाव हॅनाची झोपडी जाळतो. किटने रात्री धावत जाऊन म्हातारीला आधीच बाहेर काढलेले असते. पहाटे नॅटचे जहाज तिला सुरक्षित ठिकाणी घेऊन जाते. मग लोक किटकडे वळतात. प्रुडन्सची आईबापेच फिर्यादी होतात आणि किटला कोंडून ठेवले जाते. दुसऱ्या दिवशी चौकशीला उभे केल्यावर तिच्यासमोर तो कित्ता ठेवला जातो : पानोपानी एकाच लहान मुलीचे नाव पुन्हा पुन्हा लिहिलेले. हा मंत्रप्रयोग नव्हे तर काय?

या चौकशीचे प्रकरण वाचताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि तिच्यासाठीच हा लेखनप्रपंच. किटच्या विरोधात पुढे आलेल्या मुख्य गोष्टींपैकी एकही धादांत खोटी नाही. ती पोहते, हे खरे. ती हॅनाकडे जात असे, हे खरे. जमावाच्या रात्री ती घरातून नाहीशी झाली होती, हे खरे. मुलीचे नाव कित्त्यात लिहिलेले आहे, हे तर सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. साक्षीदारांनी जे पाहिले तेच सांगितले. आणि तरीही त्या सर्वांनी मिळून एक भयंकर असत्य उभे केले.

जुन्या करारातील सुसान्नाची कथा आपल्याला परिचित आहे. दानिएलच्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात दोन वडीलधारे न्यायाधीश एका साध्वीवर बालंट आणतात. तरुण दानिएल त्या दोघांना वेगवेगळे करून विचारतो की, तुम्ही तिला कोणत्या झाडाखाली पाहिले. एक जण एका झाडाचे नाव सांगतो, दुसरा दुसऱ्याचे, आणि लबाडी उघडी पडते. उलटतपासणीचा हा प्राचीन नमुना वकिलांनाही आवडतो. परंतु दानिएल वेदर्सफील्डला आला असता, तर त्याची युक्ती इथे फसली असती. या साक्षीदारांना वेगवेगळे करून विचारले असते, तरी त्यांच्या जबान्या जुळल्याच असत्या, कारण ते लबाड नव्हते. आपण सत्य सांगत आहोत, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. लबाडाला पकडण्याचे मार्ग आहेत. अशा प्रामाणिक माणसाला कोणी पकडायचे?

धर्मशिक्षणाच्या वर्गात आठव्या आज्ञेचा अर्थ विचारला की मुले एका सुरात सांगतात, ‘खोटे बोलू नये.’ उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. या आज्ञेचा मूळ रोख न्यायसभेत शेजाऱ्याविरुद्ध दिल्या जाणाऱ्या साक्षीवर आहे. म्हणजे ‘मी काय बोललो’ यापेक्षा ‘माझ्या बोलण्याने शेजाऱ्याचे काय झाले’ यावर आहे. म्हणूनच ख्रिस्तसभेच्या १९९२ सालच्या धर्मशिक्षणग्रंथात या आज्ञेखाली निंदानालस्ती आणि चहाडी यांच्याबरोबरच, किंबहुना त्यांच्याही आधी, अविचारी निवाड्याचा उल्लेख येतो. पुरेसा आधार नसताना शेजाऱ्याचा दोष मनोमन गृहीत धरणे, मग तो ओठावर आला नाही तरी, हाच तो अपराध. चहाडीत तर दोष खराही असू शकतो. तो कारणाशिवाय दुसऱ्याला सांगणे हे पाप. खरे बोलूनही आठवी आज्ञा मोडता येते, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल.

आपल्या गावांत याचे नमुने शोधायला दूर जावे लागत नाही. विहिरीवर, बसथांब्यावर, मिस्सानंतर देवळाच्या पायऱ्यांवर जे बोलले जाते, त्यात शुद्ध थाप क्वचितच असते. ‘त्या घरी रात्री उशिरा दिवा असतो.’ असेल. ‘ती मुंबईहून आली तेव्हा तिच्याबरोबर कोणी नव्हते.’ नसेल. ‘त्याने नवीन मोटारसायकल घेतली, पगार तर सर्वांना ठाऊक आहे.’ ठाऊक असेलही. वाक्ये सगळी खरी. त्यांच्यामध्ये सोडलेल्या मोकळ्या जागा मात्र ऐकणारा आपल्या मनातल्या मळाने भरून घेतो. मग कोणाचे लग्न मोडते, कोणाचा मुलगा गाव सोडून जातो. कोणी खोटे बोलले का, असे विचारले, तर कोणीच नाही.

आणि तीनशे वर्षांपूर्वीच्या परदेशी अज्ञानाला हसण्याचे आपल्याला काही कारण नाही. सातपुड्याच्या पाड्यांवर एखाद्या एकाकी बाईला डाकीण ठरवून तिचा छळ केल्याच्या घटना आपल्याच काळातल्या आहेत. तिथेही पुरावा ‘खरा’च असतो : तिच्या अंगणातून गेल्यावर मूल आजारी पडले. मूल आजारी पडलेले असते, ते अंगणातूनच गेलेले असते. अशा छळाला गुन्हा ठरवणारा कायदा महाराष्ट्रात २०१३ साली झाला. त्यासाठी वर्षानुवर्षे झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची त्याच वर्षी २० ऑगस्ट रोजी पुण्यात हत्या झाली, हे आपण विसरू शकत नाही.

कादंबरीतील गाव खरे आहे आणि तिथला इतिहास कादंबरीहून कडू आहे. कनेक्टिकटच्या १६४२ सालच्या कायद्याने चेटूक हा देहदंडाचा गुन्हा ठरवला होता. १६४७ साली ॲल्स यंग या स्त्रीला हार्टफर्ड येथे फाशी दिले गेले. पुढच्याच वर्षी वेदर्सफील्डच्या मेरी जॉन्सनवर दोष शाबीत झाला. आणि किटच्या गावात किटच्याच नावाची एक बाई खरोखर होऊन गेली : कॅथरिन हॅरिसन. आधी मोलकरीण, मग सधन शेतकऱ्याची बायको, मग विधवा. फटकळ आणि कोणाला न घाबरणारी. तिच्यावरील आरोपांत, ती विलक्षण प्रमाणात बारीक सूत कातत असे, असाही एक होता! कोणी तिच्या गुराढोरांना इजा केली, त्याची तक्रार तिने स्वतः केली. पण आरोपी तीच. १६६९ साली ज्यूरीने तिला दोषी ठरवले.

ती वाचली, ती एका पाद्रीबाबांच्या लेखणीमुळे. न्यायाधीशांनी काही धर्मोपदेशकांचा सल्ला मागितला होता. त्यांच्या वतीने गर्शम बल्कली यांनी लिहून दिले की, एकाच कृत्याला एकापेक्षा अधिक साक्षीदार हवेत. एकाने एक पाहिले आणि दुसऱ्याने दुसरेच, अशा तुकड्यांची बेरीज करून कोणाचा प्राण घेता येत नाही. निर्णय फिरला. १६७० साली कॅथरिनला गाव सोडण्याच्या अटीवर मुक्त करण्यात आले. हेच बल्कली स्पिअरबाईंच्या कादंबरीत एक पात्र म्हणून वावरतात. कोरड्या वाटणाऱ्या या कायदेशीर नियमात मला शेजारप्रीतीचे एक रूप दिसते. जमावाला जे दिसते त्याची बेरीज करण्याची घाई असते. नियम म्हणतो, थांबा.

आपण कॅथोलिकांनीही प्युरिटनांकडे बोट दाखवताना जपून असावे. जर्मनीत वुर्त्सबुर्ग आणि बांबेर्ग येथे बिशपांच्या राज्यांत सतराव्या शतकात शेकडोंनी माणसे चेटकाच्या आरोपाखाली जाळली गेली. तो नरसंहार पाहून फ्रीडरिख श्पे या जेझुइट धर्मगुरूने १६३१ साली नाव न घालता एक लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. यातना देऊन घेतलेली कबुली हा पुरावाच नव्हे, अशा यातनांखाली कोणीही काहीही कबूल करील, असे त्याने निर्भयपणे मांडले. पुढे १६३५ साली ट्रिअर येथे रोगग्रस्त सैनिकांची शुश्रूषा करीत असता त्याला मरण आले. सेमिनरीत आम्हाला त्याचे नाव एका ओळीत सांगून पुढे नेले होते. त्याच्यावर एक संपूर्ण तास खर्च व्हायला हरकत नव्हती.

आता दुसरा, मला अधिक अवघड वाटणारा प्रश्न. जन्मभर मनातले बोलून टाकणारी किट नेमकी स्वतःच्या चौकशीत गप्प बसते. ‘हा कित्ता प्रुडन्सचा, मी तिला शिकवीत होते,’ एवढे एक वाक्य तिची सुटका करू शकले असते. पण ते वाक्य त्या मुलीला तिच्या आईच्या हातात आणि कदाचित त्याहून वाईट हातांत देणारे होते. म्हणून किट ते गुपित फोडत नाही. नीतिशास्त्राचा एखादा प्राध्यापक तिच्या त्या वेळच्या एकेका शब्दाला गुण देऊ लागला, तर तिला पूर्ण गुण मिळतीलच असे नाही. पण ती कोणाला वाचवीत होती, हे तो प्राध्यापकही विसरणार नाही.

सत्य कोणाकोणाला देणे लागते? संत ऑगस्टीनने इ. स. ३९५ च्या सुमारास आणि पुन्हा ४२० च्या सुमारास असत्यभाषणावर दोन निबंध लिहिले. कोणत्याही कारणास्तव खोटे बोलू नये, हा त्याचा निष्कर्ष. दाराशी आलेल्या खुन्यालाही खोटे सांगू नये, असे १७९७ साली जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटने ठामपणे म्हटले. वाचताना अंगावर काटा येतो. परंतु ऑगस्टीनच्याच निबंधात थागास्तेचा बिशप फर्मुस भेटतो. त्याने एका माणसाला आसरा दिला होता. सम्राटाचे शिपाई शोध घेत आले, तेव्हा आपण खोटेही बोलणार नाही आणि त्या माणसाला दाखवूनही देणार नाही, असे फर्मुसने सांगितले. त्याचे हाल करण्यात आले, पण त्याने तोंड उघडले नाही. असत्य आणि विश्वासघात या दोहोंच्या मधली वाट स्वतःच्या देहाची किंमत देऊन उघडी ठेवता येते, हे त्याने दाखवले. आजचा धर्मशिक्षणग्रंथही सांगतो की, सत्य जाणण्याचा हक्क बिनशर्त नसतो. ज्याला तो हक्क नाही, त्याच्यापुढे ते उघड करण्यास कोणी बांधलेला नाही. पापनिवेदनाची गुप्तता ज्यांनी आयुष्यभर सांभाळली, त्या माझ्यासारख्यांना यात नवे काही नाही. प्रभू येशूही हेरोदापुढे एक शब्द बोलले नाहीत.

परंतु मौनाचाही सरसकट गौरव नको. त्याच चौकशीच्या दिवशी दुसरे एक मौन होते. किटशी लग्न करू इच्छिणारा विल्यम ॲशबी हा गावचा तालेवार तरुण तिथे फिरकलाच नाही. किटच्या मौनाने तिचा स्वतःचा जीव पणाला लागला होता. विल्यमच्या मौनाने त्याची प्रतिष्ठा शाबूत राहिली. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही मौने सारखीच दिसावीत. आपले मौन यांपैकी कोणते, हे ओळखायचे तर त्याची किंमत कोण चुकवतो, एवढे पाहावे.

आणि उलट बाजूने बोलतो तो मॅथ्यू वुड. या मुलीने त्याच्या घराची शिस्त मोडली, त्याची आज्ञा मोडली. तो उठून ते सारे सांगतो, काही लपवीत नाही; आणि मग म्हणतो की, ही चेटकीण नाही. मला हे पात्र सर्वांत मोठे वाटते. जिच्यावर आपला राग आहे, तिच्याविषयी खरे तेवढेच सांगायचे आणि तिथेच थांबायचे, हे पहिल्या प्रतीच्या साक्षीदाराचे काम आहे.

कादंबरीचा शेवट गोड आहे. नॅट स्वतः शिक्षेचा धोका पत्करून प्रुडन्सला घेऊन येतो. ती सर्वांसमोर आपले नाव लिहिते, बायबल वाचून दाखवते. आपली पोर वाचू शकते, हे पाहून तिचा बाप अभिमानाने फुलून जातो आणि फिर्याद कोसळते. बालवाचकांसाठी हा शेवट हवाच होता. पण मोठ्यांनी तो जरा संशयाने वाचावा. प्रुडन्स आली म्हणून किटचे मौन योग्य ठरले, असे नव्हे. ती आली नसती तरी ते तितकेच योग्य असते; फक्त पुस्तक छापायला प्रकाशक मिळाला नसता.

किटला कशाची धास्ती वाटत असेल, हे समजायला कादंबरीच्या काळानंतर अवघी पाच वर्षे पुढे जाणे पुरेसे आहे. १६९२ साली मॅसॅच्युसेट्समधील सेलमच्या खटल्यांत एकोणीस जणांना फाशी झाले. ज्यांनी खोटी कबुली दिली, ते बहुतेक वाचले; ‘आम्ही चेटूक केले नाही’ या सत्यावर जे ठाम राहिले, ते मेले. त्यांत सेरा गुड ही भीक मागत फिरणारी, तोंडाळ बाई होती. तिचा नवरा विल्यम गुड यानेच न्यायाधीशांपुढे सांगितले की, ही चेटकीण असावी किंवा लवकरच होईल, अशी आपल्याला भीती वाटते. काही डोळ्यांनी पाहिलेस काय, असे विचारल्यावर, तसे काही नाही, पण तिची आपल्याशी वागणूक वाईट आहे, असे त्याचे उत्तर होते. तेही बहुधा खरेच असेल. त्यांची मुलगी डॉरोथी तेव्हा चार-पाच वर्षांची होती. तिच्यावरही आरोप ठेवण्यात आला. मोठ्यांच्या प्रश्नांना तिने दिलेली उत्तरे आईविरुद्ध वापरण्यात आली. १९ जुलै रोजी आईला फाशी दिले. मुलगी कित्येक महिने साखळदंडात होती. १७१० साली विल्यम गुडने सरकारकडे नुकसानभरपाईचा अर्ज केला. तुरुंगात मुलीचे इतके हाल झाले आणि तिने इतकी दहशत घेतली की, तेव्हापासून तिला स्वतःला सांभाळण्याइतके भान राहिले नाही, असे त्याने त्यात लिहिले होते. सरकारने त्याला तीस पौंड मंजूर केले.